जुनी मोजणीची साखळी हाती आली तर: मोळी सोडण्यापासून जपून ठेवण्यापर्यंतचा क्रम

मोजणी खात्यात नोकरी केलेल्या आजोबांची ट्रंक उघडली की तळाशी गंजलेल्या लोखंडी सळ्यांची एक मोळी सापडते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारातही ती मिळते, आणि दुकानदार 'ब्रिटिशकालीन' एवढं सांगून मोकळा होतो. पुढे बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. पहिल्याच दिवशी मुठीचं पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं जातं, साखळी झटक्यात उलगडली जाते, वाकलेल्या सळ्या हातोडीनं सरळ होतात आणि मगच कुणीतरी विचारतं, 'ही नेमकी कसली साखळी आहे?' तोवर उत्तर देणाऱ्या निम्म्या खुणा गेलेल्या असतात.

अंतर मोजणाऱ्या उपकरणाची सगळ्यात महत्त्वाची माहिती म्हणजे त्याची लांबी. कारागिराचं नाव पुसलं, कागद हरवले, तरी लांबी, लिंकांची संख्या आणि झीज यांवरून ती वस्तू कुठल्या कामाची होती आणि कुणाच्या हातून गेली याचा बराच अंदाज बांधता येतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद, मग मोजदाद, मग माप, मग दुरुस्तीच्या खुणा, मग नाव, आणि स्वच्छता सगळ्यात शेवटी.

## तयारी: मोळी सोडण्याआधी जवळ काय हवं

मुख्य गरज जागेची. साधारण २१ मीटर लांब, सपाट, कोरडी फरशी किंवा काँक्रीट हवं. सोसायटीचं पार्किंग चालतं, शाळेचा व्हरांडा त्याहून चांगला. अंगणातली माती किंवा पेव्हर ब्लॉक नकोत. उंचसखलपणामुळे माप चुकतं. शंभर फुटी साखळी निघाली तर ३१ मीटर लागतील, पण ते मोजदाद झाल्यावर कळेल.

सामान फार नाही:

- ३० मीटरची पोलादी टेप. फायबरची नको, ती ताणली जाते. पात्यावर अचूकतेचा वर्ग रोमन आकड्यात छापलेला असतो. वर्ग दोनची टेप पुरते, कारण ३० मीटरला तिची मान्य चूक सुमारे ६ मिलिमीटर असते.
- सामान तोलायचा, हुकाचा वजनकाटा. खेच मोजायला.
- व्हर्नियर कॅलिपर, विजेरी, भिंग.
- जुनी पण धुतलेली चादर, सुती हातमोजे, मऊ ब्रश.
- वही आणि पेन्सिल. शाईचे डाग चामड्यावर पडले तर निघत नाहीत.

एक माणूस मदतीला हवाच. एकट्यानं साखळी उलगडली की गाठी पडतात, आणि गाठ ओढली की लिंकच्या टोकाचा फासा उघडतो.

इशारा: हाती साखळीऐवजी गुंडाळलेली पोलादी पट्टी असेल तर कडी किंवा खीळ अचानक काढू नका. गुंडाळलेलं पोलाद स्प्रिंगसारखं सुटतं आणि धार डोळ्यांपर्यंत येऊ शकते. चष्मा आणि जाड हातमोजे घाला, आणि ती क्रॉसवर (पट्टी गुंडाळायच्या चार भुजांच्या चौकटीवर) असेल तशीच, थोडी थोडी सोडा.

## पायरी १: जशी सापडली तशी नोंद

मोळी बांधलेली असतानाच चारही बाजूंनी फोटो घ्या. शेजारी एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. बांधायला काय वापरलंय तेही टिपा: चामड्याचा पट्टा, सुतळी, तार.

मग आजूबाजूचं सामान पाहा. साखळीबरोबर तिचं टोक जमिनीवर खुणावायचे लोखंडी बाण असतात, साधारण हातभर लांब, वर वळवलेला डोळा. पूर्ण संच दहाचा. लोक ते 'कसल्यातरी सळया' म्हणून भंगारात घालतात. लाकडी ठोकळ्यात काटकोनात चिरा पाडलेला शंकू, म्हणजे काटकोन साधायचं साधन, असू शकतो. आपल्याकडे मोजणीच्या जुन्या पद्धतीला शंकू-साखळी म्हणतात ते याच जोडीमुळे, तेव्हा दोन्ही एकत्र मिळाली तर एकत्रच ठेवा. चिठ्ठी, लेबल, पिशवीवरचं लिखाण मोडीत असेल तर ते वाचता येत नाही म्हणून फाडू नका. मोडी वाचणारे जाणकार महाराष्ट्रात आजही भेटतात. चिठ्ठी मात्र एकदा गेली की गेली.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा: ही कुणी वापरली, कुठल्या तालुक्यात, नोकरी कुठल्या खात्यात, घरात कधी आली. उत्तर आणि सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहा. ऐकलेली आणि खात्रीची माहिती वेगवेगळी ठेवा. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

तपासा: फोटो, बांधणीची नोंद, सोबतचं सामान, ऐकीव माहिती. चारही झाल्याशिवाय पट्टा सोडू नका.

## पायरी २: मोळी सोडणं

मोजणीदार साखळी मधोमध धरून दोन-दोन लिंका तिरक्या एकमेकींवर ठेवत गुंडाळत असत, त्यामुळे मोळी मध्ये बारीक आणि टोकांना फुगीर दिसते. उघडताना दोन्ही मुठी एका हातात घेऊन बाकीची साखळी फेकायची रीत होती. शेतावर ती ठीक होती. शंभर वर्षांच्या लोखंडावर ती मुळीच वापरू नका.

मोळी चादरीवर ठेवा. दोन्ही मुठी शोधा. एकेक जोडी उचलून शेजारी मांडत जा. अडकलेली कडी ओढायची नाही. दोन्ही बाजूंनी सैल करून बोटानं फिरवायची. गंजानं चिकटलेल्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि दुसऱ्या दिवशी बघा. घाई करून तुटलेली कडी पुन्हा जोडता येते, पण ती मूळची राहत नाही.

## पायरी ३: आधी मोजदाद, माप नंतर

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लोक थेट टेप लावतात, २० मीटरच्या आसपास आकडा आला की 'गुंटर साखळी' असं ठरवून टाकतात. लांबी झिजेनं बदलते. लिंकांची संख्या आणि पितळी बिल्ल्यांची जागा सहसा बदलत नाही. म्हणून आधी मोजा.

एक लिंक म्हणजे एक सळई आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांचा अर्धा-अर्धा वाटा. दोन सळ्यांमध्ये तीन कड्या असतील तर मधल्या कडीच्या मध्यापासून पुढच्या मधल्या कडीच्या मध्यापर्यंत एक लिंक. दोन्ही टोकांच्या लिंकांत मूठही धरली जाते.

गुंटर साखळी. शंभर लिंका, एकूण ६६ फूट, म्हणजे २०.११६८ मीटर. एक लिंक ७.९२ इंच. इंग्रज गणितज्ञ एडमंड गुंटर यांनी १६२० मध्ये ठरवलेलं हे माप इतकं टिकलं त्याचं कारण हिशोब: १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ८० साखळ्या म्हणजे एक मैल. दर दहा लिंकांना पितळी बिल्ला असतो. दहाला एक दात, वीसला दोन, तीसला तीन, चाळीसला चार आणि पन्नासला सहसा गोल.

इंजिनिअरची साखळी. शंभर लिंका, पण प्रत्येक एक फुटाची; एकूण ३०.४८ मीटर. बिल्ले गुंटरसारखेच, त्यामुळे फोटोवरून दोन्ही सारख्याच दिसतात.

महसुली साखळी. आपल्या भागातली खरी ओळखीची साखळी हीच. ३३ फूट, १६ भाग. प्रत्येक भाग २४¾ इंचांचा म्हणजे जवळजवळ ६२.९ सेंटिमीटर. या भागाला आणा म्हणतात. लिंका एवढ्या लांब दिसल्या की शंका उरत नाही. मात्र ३३ फुटांची आणखी एक साखळी असते: गुंटरची अर्धी, ५० आखूड लिंकांची. एकूण लांबी तीच, काम वेगळं.

मेट्रिक साखळी. २० मीटरला १०० लिंका किंवा ३० मीटरला १५०. प्रत्येक लिंक २० सेंटिमीटर. दर मीटरला छोटी पितळी कडी आणि दर पाच मीटरला बिल्ला. ही साखळी आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा १९५६ चा कायदा झाल्यानंतरची.

आता अडचण बघा. २० मीटरची मेट्रिक साखळी आणि गुंटर साखळी, दोन्हींत १०० लिंका. फरक पूर्ण लांबीत फक्त ११.७ सेंटिमीटरचा. मेट्रिक साखळी झिजून एवढी वाढू शकते, आणि मग टेप तिला गुंटर ठरवते. बाजारात 'दोनशे वर्षं जुनी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही साखळ्या १९६० नंतरच्या मेट्रिक साखळ्या असतात. निवाडा बिल्ले करतात: दर दहा लिंकांना बिल्ला असेल तर गुंटर, दर पंचवीस लिंकांना असेल तर मेट्रिक.

तपासा: एका टोकाकडून लिंका मोजा, मग दुसऱ्या टोकाकडून. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. ९८ किंवा ९९ आल्यास ती चूकच असेल असं समजू नका. कधी सळई तुटून लिंक कमी झालेली असते. कुठल्या दोन बिल्ल्यांच्या मध्ये कमी आहे ते लिहून ठेवा.

नेहमीची चूक: बिल्ले दोन्ही टोकांकडून सारखे असल्यामुळे चार दातांचा बिल्ला ४० सुद्धा असतो आणि ६० सुद्धा. मधला गोल बिल्ला ओलांडला की नाही हे आधी बघा.

## पायरी ४: लांबी घेणं

साखळी सरळ रेषेत मांडा. एक मूठ मदतनिसाच्या हातात पक्की, दुसऱ्या मुठीला काट्याचा हुक. माप मुठीच्या बाहेरच्या कडेपासून मुठीच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायचं. मूठ सोडून मोजली की साखळी उगाच आखूड भरते.

खेच हवी, पण थोडी. आजच्या मेट्रिक साखळ्या ८ किलोच्या खेचीवर तपासल्या जातात. जुन्या साखळीला ५ किलो पुरे, आणि ८ च्या वर कधीही नाही. महत्त्वाचं हे की प्रत्येक वेळी खेच तेवढीच राहावी. एकदा तीन, एकदा सात अशी खेचलीत तर आकड्यांची तुलना होत नाही. टेपही ताणूनच धरा.

सकाळी लवकर मोजा. दुपारच्या उन्हात फरशीवर पडलेलं लोखंड हवेपेक्षा बरंच तापतं. २० मीटर लांबीत १० अंशांचा फरक साधारण अडीच मिलिमीटर होतो. साखळीच्या झिजेपुढे तो किरकोळ आहे. पोलादी पट्टी तपासताना मात्र तो लक्षात घ्यावाच लागतो.

पूर्ण लांबी घेतल्यावर बिल्ल्यांदरम्यानचे टप्पे वेगळे मोजा. कोरी गुंटर साखळी असती तर दर दहा लिंकांना २.०११७ मीटर भरले असते. तुमच्या साखळीत एखादाच टप्पा फुगला असेल तर तिथे उघडलेला फासा किंवा नंतर घातलेली कडी आहे. सगळे टप्पे थोडे थोडे वाढले असतील तर ती वापराची झीज.

जागा लहान असेल तर टप्प्याटप्प्यानं मोजून बेरीज चालते, पण नोंदीत तसं लिहा.

## पायरी ५: झीज आणि दुरुस्ती वाचणं

साखळी वापरून वाढते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. हिशोब सोपा आहे. दोन सळ्यांमध्ये तीन कड्या धरल्या तर चार ठिकाणी लोखंड लोखंडावर घासतं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन पृष्ठभाग झिजतात. म्हणजे एका लिंकमागे आठ, शंभर लिंकांत आठशे. प्रत्येक पृष्ठभाग फक्त पाव मिलिमीटर झिजला तरी साखळी २० सेंटिमीटर लांब होते. डोळ्यांना न दिसणारी झीज शेवटी वीतभर भरते. उलट, सळ्या वाकल्या किंवा कड्यांत चिखल अडकला की साखळी आखूड होते. दोन्ही एकाच साखळीत असू शकतात, म्हणून एकूण लांबी बरोबर आली एवढ्यावर ती न झिजलेली ठरत नाही.

दहाबारा कड्यांची जाडी कॅलिपरनं दोन जागी घ्या: घासणाऱ्या ठिकाणी आणि न घासणाऱ्या ठिकाणी. फरक म्हणजे झीज. मुठीजवळच्या आणि मधल्या कड्यांची तुलना करा.

आता दुरुस्ती शोधा. मोजणीदाराची साखळी गावोगाव फिरायची. तुटली की साहेबाच्या कचेरीतून नवी येईपर्यंत काम थांबवून चालत नसे, मग जवळचा लोहार ती सांधत असे. खुणा स्पष्ट असतात: एखादी कडी बाकीच्यांपेक्षा जाड, सांधा ऐरणीवर ठोकून मिटवलेला, सळईचा फासा उलट दिशेला वळलेला, हरवलेल्या बिल्ल्याच्या जागी भांड्याच्या पत्र्यातून कापलेला तुकडा. लांबी वाढवायला कड्या ठोकून गोलाच्या लांबट केल्या असतील किंवा लांबी कमी करायला लांबट कड्या पुन्हा गोल केल्या असतील, तर तेही दिसतं.

माझ्या मते अशा साखळीचं खरं मोल इथेच आहे. कारखान्यातून आलेल्या शंभर सारख्या लिंकांपेक्षा त्या एका लोहारकामाच्या कडीत जास्त माहिती असते, कारण त्या माणसाचं नाव कुठल्याही सूचीत नाही. त्याचं काम तेवढं समोर आहे. ती कडी 'मूळची नाही' म्हणून बदलू नका. वाकलेली सळईही सरळ करू नका. फक्त क्रमांक लिहा: 'पूर्व मुठीपासून ३७ वी लिंक, कडी नंतरची.'

इशारा: दुरुस्त न केलेल्या साखळीनं आपल्याच शेताची हद्द मोजून शेजाऱ्याशी वाद घालू नका. पाच इंचांनी वाढलेली गुंटर साखळी क्षेत्रफळात सव्वा टक्क्याची चूक करते. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करणं हाच मार्ग.

### मध्येच: टिपणातले आकडे वाचताना

साखळीबरोबर जुनी टिपणं सापडली तर आकडे दशांशात वाचू नका. सात साखळी चार आणे म्हणजे ७.४ नव्हे. सोळा आण्यांची साखळी, म्हणून चार आणे म्हणजे पाव, लांबी ७.२५ साखळ्या, २३९.२५ फूट, म्हणजे सुमारे ७२.९२ मीटर. ७.४ धरलंत तर जवळजवळ पाच फुटांनी चुकाल.

क्षेत्रफळ मात्र सोपं: ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आठ साखळ्या लांब आणि पाच साखळ्या रुंद तुकडा चाळीस गुंठ्यांचा, एक एकर. तिथे गुंटर साखळीचा आकडा घातला तर उत्तर चौपट येतं. टिपण कुठल्या साखळीचं आहे हे ठरल्याशिवाय गुणाकार करू नका.

## पायरी ६: कारागिराचं नाव शोधणं आणि वाचणं

साखळीवर नाव बहुधा मुठीच्या पितळेवर, तिच्या मानेपाशी असतं. दोन्ही मुठी बघा. बिल्ल्यांची मागची बाजू बघा. पोलादी पट्टी असेल तर क्रॉसच्या भुजा आणि पट्टीचं पहिलं टोक. चामड्याच्या डबीतली टेप असेल तर डबीवर उमटवलेला ठसा आणि घडीच्या पितळी हॅन्डलचा मधला भाग.

खोलीत अंधार करा आणि विजेरी अगदी आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. समोरच्या उजेडात न दिसणारी अक्षरं सावलीनं उठून दिसतात. विजेरी चारही दिशांनी फिरवून फोटो घ्या. खडू, पावडर, शाई भरून अक्षरं 'स्पष्ट' करू नका.

नाव मिळालं की लोक लगेच तेच कारागिराचं नाव समजतात. इथे सावध राहा. वाचायचा क्रम असा: आधी गाव, मग पत्ता, मग नावामागची शेपटी, आणि सर्वांत शेवटी नाव.

गाव. लंडन दिसलं की किंमत वाढते, म्हणून विकणारे लंडनकडेच बोट दाखवतात. पण मोजणीच्या टेपा आणि पट्ट्यांचं मोठं काम लंडनबाहेर होत असे. पोलादाचं शहर शेफील्ड. तिथल्या जेम्स चेस्टरमनच्या चामडी डबीतल्या टेपा भारतात अजूनही सापडतात. बर्मिंगहॅमच्या जॉन रॅबोन अँड सन्सच्या मोजपट्ट्याही तशाच. यॉर्कमध्ये थॉमस कुक यांनी १८३७ मध्ये दुकान थाटलं आणि पुढे सर्वेक्षणाच्या उपकरणांसाठी त्यांचं नाव झालं. डर्बीचे जॉन डेव्हिस खाणीतल्या मोजणीच्या उपकरणांसाठी ओळखले जात.

शेपटी. 'लिमिटेड' असेल तर वस्तू १८५५ च्या आधीची असू शकत नाही. इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा त्या वर्षी झाला. 'रॅबोन चेस्टरमन' अशी दोन्ही नावं एकत्र असतील तर ती १९६३ च्या विलीनीकरणानंतरची. 'मेड इन इंग्लंड' असे पूर्ण शब्द असतील तर अठराव्या शतकाचा विचार सोडून द्या.

नाव. ते बनवणाऱ्याचं, विकणाऱ्याचं किंवा दुरुस्त करणाऱ्याचं असू शकतं. लहान गावातला चष्मे आणि हवामापक विकणारा दुकानदार शेफील्डहून तयार टेप मागवून तिच्यावर स्वतःचं नाव कोरून घेई. भारतातही तसंच. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचा ठसा म्हणजे वस्तू तिथेच घडली असं नाही. तिथे उपकरणं बनत, दुरुस्त होत आणि साठवली जात. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता, कारागिराची सही नव्हे.

दुरुस्त करणारा हात कमी दर्जाचा, असा समज इथे अजिबात लागू पडत नाही. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हेन्री बॅरो यांना इंग्लंडहून कलकत्त्याला उपकरणं घडवायला आणलं. त्यांच्यानंतर १८४३ मध्ये ती जागा अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांना मिळाली. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उपकरणं त्यांच्या हाताखालून गेली. तेव्हा इंग्रजी नावाच्या उपकरणावर नंतरच्या कामाच्या खुणा दिसल्या तर त्या दोष म्हणून नोंदवू नका, काम म्हणून नोंदवा.

नकली ओळखताना: रुरकी आणि मुरादाबादकडे शोभेची नवी पितळी उपकरणं जुन्या इंग्रजी नावांनिशी बनतात. साखळ्या त्यांत क्वचित. तबकड्या, होकायंत्रं, डबीतल्या टेपा जास्त. भिंगाखाली हातानं कोरलेल्या अक्षराची चीर टोकाला निमुळती होते आणि खोली बदलत जाते. रसायनानं किंवा यंत्रानं काढलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि सगळीकडे सारखा असतो. स्क्रू सगळे एकसारखे, खाचा अगदी नव्या आणि काळपटपणा फक्त कोपऱ्यांत असेल तर पैसे देऊ नका.

तुलनेसाठी ऑक्सफर्डचं हिस्टरी ऑफ सायन्स म्युझियम आणि केंब्रिजचं व्हिपल म्युझियम यांचे संग्रह इंटरनेटवर पाहता येतात. तुमच्या वस्तूचा फोटो आणि त्यांचा फोटो शेजारी ठेवून बिल्ल्यांचा आकार, मुठीचं वळण, अक्षरांची घडण एकेक करून ताडा.

## साखळी नसून चाक असेल तर

एका लांब दांड्याला लाकडी चाक आणि हाताशी घड्याळासारखी तबकडी, असं उपकरण क्वचित मिळतं. आधी चाकाचा परीघ घ्या: सुती फीत धावेभोवती गुंडाळा आणि ती फीत टेपवर मोजा. जुन्या इंग्रजी चाकांचा परीघ बऱ्याचदा ९९ इंच असतो, व्यास सुमारे ८० सेंटिमीटर. मग हिशोब जुळतो: दोन फेऱ्यांत एक पोल (साडेसोळा फुटांचं जुनं इंग्रजी माप), आठ फेऱ्यांत एक गुंटर साखळी, ८० फेऱ्यांत एक फर्लांग, ६४० फेऱ्यांत एक मैल. इतर मापांची चाकंही होती, तेव्हा आकडा जुळला नाही म्हणून लगेच धाव बदललेली आहे असं धरू नका. तबकडीवरच्या एककांशी ताडून बघा.

चाक अधांतरी ठेवून हातानं हळू फिरवा. काटा अडला की थांबा. आतली दातेरी चक्रं घड्याळजीच्या कामाची असतात आणि जोर लावला की दात तुटतो. जमिनीवर तर ते चालवूच नका. वाळलेल्या लाकडाचे आरे सांध्यांतून निसटतात.

इंग्लंडच्या लहान गावांत अशी चाकं घड्याळजीच बनवत किंवा जुळवत. तबकडीवर एका गावाचं नाव असलं तरी चाक सुताराचं, धाव लोहाराची असू शकते. म्हणून तुंब्यावर, आऱ्यांच्या मुळाशी आणि धावेच्या आतल्या बाजूलाही ठसे शोधा.

## पायरी ७: आता स्वच्छता

चिंच, लिंबू, आमसूल, राख, भांडी घासायची पावडर, गंज घालवायचं औषध, तारेचा ब्रश: यातलं काहीही नको. आम्लानं पितळाचा वरचा थर जातो आणि बारीक कोरीव अक्षर त्याच थरात असतं.

मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढा. कड्यांतला चिखल बांबूच्या काडीनं. जुनं घट्ट ग्रीस टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापडानं, उघड्या हवेत, आग दूर ठेवून. सुटा, भुरभुरणारा गंज थोडं तेल लावलेल्या अगदी बारीक स्टील वूलनं हलकेच. घट्ट, तपकिरी, गुळगुळीत थर तसाच राहू द्या, तो लोखंडाचं रक्षण करतो. लोखंड चांदीसारखं चमकू लागलं तर तुम्ही फार पुढे गेला आहात. पितळ फक्त कोरड्या सुती कापडानं पुसा. कुठे फिकट हिरवी पूड सुटत असेल तर वस्तू वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. खोबरेल किंवा गोडेतेल नको. ते चिकट होऊन धूळ धरतं.

चामड्याच्या डबीला तेल चोळू नका. लालसर भुकटी हाताला लागत असेल तर डबी फक्त कागदात सैल गुंडाळा. आतली कापडी टेप जोरानं बाहेर काढू नका. घडी मोडते तिथे ती तुटते.

तपासा: स्वच्छतेनंतर पायरी १ चे फोटो समोर ठेवा. एखादी खूण, ठसा किंवा रंग आधी होता आणि आता नाही, असं झालं असेल तर तिथेच थांबा.

## पायरी ८: ठेवणं, विकणं, परदेशी नेणं

गोणपाट ओल धरतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बाष्प अडकतं. साखळी सैल मोळीत, आम्लरहित कागदात, लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुड्या बदला. भिंतीवर टांगायची हौस असेल तर मुठीवर सगळं वजन देऊ नका. दर दोन-तीन फुटांना रुंद आधार द्या, नाहीतर वरच्या कड्या हळूहळू उघडतात.

पेटीत वहीची प्रत ठेवा: लिंकांची संख्या, एकूण लांबी, टप्प्यांची मापं, खेच किती होती, दुरुस्तीच्या जागा, ठशांचे फोटो, ऐकीव माहिती. विकायला काढलीत तर ही प्रतही वस्तूबरोबर द्या.

सरकारी खूण किंवा खात्याचा क्रमांक असलेली वस्तू विकत घेताना ती विक्रेत्याकडे कशी आली हे लेखी मागा. उत्तर नसेल तर घेऊ नका.

परदेशातल्या मुलांकडे 'आजोबांची साखळी' पाठवणाऱ्यांसाठी: १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वय कमी असल्याची खात्री असेल तरी विमानतळावर ती सिद्ध करत बसण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या. अर्जाला स्पष्ट फोटो आणि मापं लागतात. पहिल्या सहा पायऱ्या नीट केल्या असतील तर ती तुमच्या वहीत तयारच आहेत.